प्लेग बीड-सुरतेत, पहारा न्यूयॉर्कला : १९९४चं एक प्रकरण

२७ सप्टेंबर ते २७ ऑक्टोबर १९९४ या महिन्यात अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने भारतातून येणाऱ्या प्रवाशांमध्ये प्लेगचे रुग्ण शोधले. संशयित म्हणून १३ जण सापडले. तपासण्या झाल्या, आणि त्यांतल्या एकाचाही आजार प्लेग असल्याचं सिद्ध झालं नाही. त्याच दिवसांत संयुक्त अरब अमिरातीसह काही आखाती देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली आणि भारतीय मालाला दारं लावून घेतली. त्यांच्याकडेही प्लेग पोचला नाही. खरं म्हणजे त्या साथीतला एकही खात्रीचा रुग्ण भारताबाहेर कुठेच आढळला नाही.

निकाल दोघांचा एकच. किंमत मात्र फार वेगळी, आणि ती मोजली कुणी तर भारताने. परदेशात साथ उद्भवली की आरोग्यसंस्थांनी काय करावं, याचा अभ्यास करताना हल्ली कोविड आणि इबोलाची उदाहरणं दिली जातात. मला १९९४चं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. एक तर ते आटोपशीर आहे, दोन महिन्यांत सुरू होऊन संपलं. दुसरं म्हणजे त्यातला ‘परदेश’ आपण होतो. जगाची यंत्रणा साथीच्या देशाकडे कशी पाहते, हे पाहिल्या जाणाऱ्या बाजूने समजून घ्यायची संधी मराठी वाचकाला इथे मिळते, कारण गोष्ट सुरू होते बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावात.

मामला

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या धक्क्यांनंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत लोक घरात झोपायला धजत नव्हते. मामल्याचे लोकही घरं सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहायला गेले. धान्य बरंचसं घरातच राहिलं. माणूस नाही, मांजर नाही आणि खायला भरपूर, अशा घरांत उंदीर वाढले नाहीत तरच नवल. प्लेगच्या तज्ज्ञांनी नंतर मांडलेला अंदाज असा की रानातल्या उंदरांमध्ये दबून राहिलेला जंतू या काळात गावातल्या उंदरांपर्यंत आला.

जुन्या पिढीला यातली गंमत, गंमत म्हणायची तर, लगेच कळेल. प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्रातली गावं उंदीर पडायला लागले की घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होतात आणि माणसाकडे वळतात; त्याआधी माणसाने दूर व्हायचं, हे शहाणपण सरकारी पत्रकातून आलेलं नव्हतं, पिढ्यांच्या मरणातून आलेलं होतं. मामल्यात उलटं झालं. लोक आधी बाहेर गेले, उंदीर आत वाढले आणि मग लोक घरी परतले.

ऑगस्ट १९९४च्या सुरुवातीला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला. २६ ऑगस्टला पहिला संशयित रुग्ण नोंदला गेला. ताप, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, आणि वेळेवर टेट्रासायक्लिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तर बरा होतो. कीटकनाशक पावडरीची फवारणी झाली, औषधं वाटली गेली. नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे गेले आणि सप्टेंबरच्या मध्यावर प्लेगचं निदान जाहीर झालं.

इथवर जगाला काही पत्ता नव्हता, किंवा असला तरी फिकीर नव्हती. १९६६ नंतर भारतात माणसाला खात्रीचा प्लेग झाल्याची नोंद नव्हती. तब्बल २८ वर्षांनी तो परतला, तो दुष्काळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आणि स्थानिक यंत्रणेने त्याला बऱ्यापैकी आवरलंही. बाहेरच्या तज्ज्ञांना बोलवायचं असतं तर ती वेळ हीच होती. कुणी बोलावलं नाही, आणि कुणी आपणहून विचारलंही नाही.

सुरत

सुरतेत त्या पावसाळ्यात तापीला पूर आला होता. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या वस्त्यांत मेलेली जनावरं आणि चिखल कुजत पडला. वेड रोड, कतारगाम या भागांत यंत्रमाग आणि हिरेकामावर पोट असलेल्या स्थलांतरितांची दाटी. शहराची लोकसंख्या १९९१च्या जनगणनेत १५ लाखांच्या घरात, आणि त्यात खानदेशातून गेलेल्या मराठी माणसांचा वाटा मोठा. त्यामुळे बीड आणि सुरत यांच्यात जंतू कुणीतरी माणसाने नेला असावा, असा तर्क लगेच झाला. तो कधीच पक्का सिद्ध झाला नाही.

गणेश विसर्जन आटोपलं आणि २०-२२ सप्टेंबरच्या सुमारास सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तापाने फणफणलेले, रक्ताळ थुंकी पडणारे तरुण रुग्ण यायला लागले. काही जण दाखल झाल्यावर काही तासांतच गेले. हा फुफ्फुसाचा प्लेग असेल तर सगळं गणित बदलतं. तो खोकल्यातून पसरतो, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस पुरतात, आणि लक्षणं दिसल्यावर साधारण एका दिवसात औषध सुरू झालं नाही तर रुग्ण वाचणं कठीण.

बातमी पसरली आणि लोक पळाले. किती, यावर एकमत नाही. दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंतचे आकडे दिले जातात. रेल्वे, एसटी, ट्रक, मिळेल ते. खासगी दवाखान्यांना कुलुपं लागली, अनेक डॉक्टरही गेले. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासं झालं, मुंबईतसुद्धा. मुंबईत स्थानकांवर तपासणी सुरू झाली आणि कस्तुरबा रुग्णालयाकडे संशयितांची रीघ लागली.

एक गोष्ट मात्र जगाच्या लक्षात तेव्हा आली नाही. टेट्रासायक्लिन संपलं याचा अर्थ ते कुणीतरी खाल्लं. घाबरून, बिनगरज, अर्धवट मात्रेत का होईना, पण संपर्कातल्या पुष्कळ लोकांच्या पोटात त्या आठवड्यात प्लेगवरचं औषध गेलं. ठरवून केलेली गोष्ट नव्हती, औषधशास्त्राच्या शिस्तीत तर मुळीच बसत नव्हती. तरी साथ ज्या वेगाने मावळली त्यात या औषधांचा हात असणार, असं मला वाटतं.

आकडे होते, जंतू हातात नव्हता

बाहेरच्या देशांनी जे काही केलं ते समजून घ्यायचं तर आधी एक तांत्रिक अडचण पाहावी लागते. या प्रकरणाचा कणा तीच आहे.

२६ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर या काळात रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आलेले ६९३ संशयित रुग्ण भारताने जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. त्यातले महाराष्ट्रातले ४८८, गुजरातेतले ७७, दिल्लीतले ६८, कर्नाटकातले ४६, उत्तर प्रदेशातले १० आणि मध्य प्रदेशातले ४. मृत्यू पन्नासहून थोडे अधिक, बहुतेक सुरतेतले. नाव सुरतेचं झालं, संख्या महाराष्ट्राची मोठी होती.

पण ही रक्तचाचणी म्हणजे काय? रक्तद्रवात प्लेगच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं आहेत का, हे ती पाहते. एका नमुन्यावरून एवढंच म्हणता येतं की संशय बळावला. खात्रीसाठी दोन गोष्टींपैकी एक हवी. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिद्रव्यांचं प्रमाण चौपट वाढलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर रुग्णाच्या थुंकीतून, रक्तातून किंवा गाठीतून जंतू वाढवून तो ओळखता आला पाहिजे. पहिली गोष्ट साथीच्या धामधुमीत वेळखाऊ. दुसरीसाठी नमुना औषध सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, नीट जपून पाठवावा लागतो, आणि ते जंतू हाताळायची सवय असलेली माणसं प्रयोगशाळेत असावी लागतात. २८ वर्षं प्लेग नसलेल्या देशात ही सवय उरली नव्हती. प्लेग संपला असं मानून त्याच्यावरची पाळत विरळ होत गेली होती.

परिणाम असा झाला की साथ ऐन भरात असताना ‘हा प्लेगच का?’ या प्रश्नाला ठोस उत्तर देता येईना. देशातलेच नामवंत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वेगवेगळ्या रोगांची आणि जंतूंची नावं घेऊ लागले. लेप्टोस्पायरोसिस, हँटाव्हायरस, मेलिऑइडोसिस. वर्तमानपत्रांत रोज नवा तर्क. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने पुढे निर्वाळा दिला की बीड आणि सुरत दोन्हीकडे प्लेगच होता. जतन केलेल्या जंतूंच्या जनुकीय तपासण्यांनीही नंतरच्या वर्षांत तेच दाखवलं. पण ते उत्तर ज्या आठवड्यात हवं होतं त्या आठवड्यात आलं नाही.

विमानं बंद करणाऱ्या देशांना दोष देणं सोपं आहे, आणि मी तो देणारही आहे. तरी एवढं मान्य करायला हवं की आपण त्यांना दिलेली माहिती धूसर होती. किती रुग्ण संशयित, किती खात्रीचे, किती जण नुसत्या भीतीने भरती झाले, हे वेगळं करून सांगणारा एकही अधिकृत आवाज सप्टेंबरअखेरपर्यंत नव्हता. राज्य सरकारं एक आकडा देत, केंद्र दुसरा, वाहिन्या तिसरा.

अटलांटा आणि फोर्ट कॉलिन्स

आता अमेरिकेकडे वळू, कारण तिथला प्रतिसाद तपशिलात पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, अटलांटात आहे. पण प्लेगचं काम करणारी तिची शाखा तिथे नाही, ती कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला आहे. कारण साधं आहे: अमेरिकेला स्वतःचा प्लेग आहे. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो या पश्चिमेकडच्या राज्यांत खारी आणि प्रेअरी डॉग नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये तो कायम वस्तीला आहे आणि दरवर्षी मोजक्या माणसांना होतो. तो तिथे पोचला तो १९०० साली, सॅन फ्रान्सिस्को बंदरातून, त्याच जागतिक लाटेत जिने १८९६ पासून मुंबई पोखरली होती. तेव्हाचा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर हेन्री गेज व्यापार बुडेल म्हणून ‘आमच्याकडे प्लेग नाहीच’ असं सांगत राहिला, आणि प्लेग आहे म्हणणाऱ्या जोसेफ किन्यून या केंद्राच्या क्वारंटाइन अधिकाऱ्याला तिथून हलवण्यात आलं. लपवाछपवी गरीब देशच करतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

सांगायचा मुद्दा हा की १९९४ साली सीडीसीकडे प्लेगचे रुग्ण दरवर्षी पाहणारे लोक होते. हा रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, कोणत्या औषधाला बधतो, हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही. त्यामुळे भारतातून येणारी विमानं थांबवावीत असा सल्ला त्यांनी दिला नाही.

त्यांनी काय केलं? देशातल्या सात मोठ्या विमानतळांवर क्वारंटाइन केंद्रं होती, न्यूयॉर्कचं जेएफके, शिकागो, लॉस एंजेलिस वगैरे. तिथली नेहमीची कार्यपद्धती प्लेगसाठी थोडी बदलली. विमानात कुणाला ताप-खोकला असेल तर वैमानिकाने उतरण्याआधी कळवायचं. क्वारंटाइन अधिकारी जाऊन त्या प्रवाशाला पाहणार. संशय वाटला तर त्याला रुग्णालयात अलग ठेवायचं आणि बाकीच्या प्रवाशांचे पत्ते घेऊन त्यांना जाऊ द्यायचं. विमान अडवायचं नाही, परत पाठवायचं नाही. भारतातून आलेल्या प्रवाशांना एक सूचनापत्र दिलं जाई: पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि कुठून आलात ते सांगा.

या सूचनापत्रात सगळी अक्कल होती. लागण आणि लक्षणं यांत एक ते चार दिवसांचं अंतर असेल, तर मुंबईत लागण झालेला माणूस न्यूयॉर्कला उतरताना ठणठणीत दिसणार. विमानतळावर कितीही कडक पहारा ठेवा, तो निसटणार. त्याला पकडणार कोण? तिसऱ्या दिवशी ताप आल्यावर तो ज्या दवाखान्यात जाईल तिथला डॉक्टर. पण अमेरिकेतल्या सर्वसाधारण डॉक्टरने आयुष्यात प्लेग पाहिलेला नसतो. म्हणून सीडीसीने आपला बहुतेक जोर डॉक्टरांपर्यंत पोचण्यावर लावला. राज्यांच्या आरोग्य खात्यांना ईमेल आणि फॅक्सने माहिती गेली. आपल्या साप्ताहिक अहवालात तातडीने टिपण छापलं. दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित माहिती ठेवली. डॉक्टरने क्रमांक फिरवला की लक्षणं, तपासणी, औषधाची मात्रा, सगळं ऐकायला मिळे, हवं तर फॅक्सवर मागवता येई. आज हे बाळबोध वाटेल. १९९४ साली इतक्या कमी वेळात इतक्या डॉक्टरांना एका परदेशी साथीसाठी सावध करणं ही नवी गोष्ट होती, आणि पुढच्या काळात आयात होणाऱ्या रोगांसाठी नमुना म्हणून ती मांडली गेली.

१३ संशयित सापडले ते याच जाळ्यात. खात्रीचा एकही नाही म्हणून ही मेहनत वाया गेली असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. भारतातून हजारो लोक येत असताना महिनाभरात संशयित फक्त १३ निघणं म्हणजे चाळणीची छिद्रं बरोबर आकाराची होती. भारतातून आलेल्या प्रत्येक तापाला प्लेग म्हटलं असतं तर मलेरिया आणि टायफॉइडच्या रुग्णांनीच अलगीकरणाचे कक्ष भरले असते. दिल्लीत काही प्रमाणात तेच झालं.

या प्रतिसादातली उणीवही सांगायला हवी. तो पूर्णपणे ‘आमच्याकडे येईल का?’ या प्रश्नाभोवती रचलेला होता. ‘तिथे नेमकं काय चाललंय?’ हे पाहायला फोर्ट कॉलिन्सचं ज्ञान भारतात पोचलं ते ऑक्टोबर उजाडल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाबरोबर. तोवर सुरतेतला जोर ओसरला होता. तज्ज्ञांना हवे असलेले नमुने, औषध सुरू होण्यापूर्वीचे, आता मिळणार नव्हते.

जिनिव्हाचा आवाज

जिनिव्हात मुख्यालय असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः भारतात आले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं पथक सुरत, बीड, दिल्ली पाहून गेलं. भारताचा प्रवास वा व्यापार रोखायची गरज नाही, अशी संघटनेची भूमिका होती.

ती कुणी ऐकली नाही असं नाही, पण ज्यांनी ऐकायला हवी होती त्यांनी ऐकली नाही. आणि न ऐकल्याबद्दल त्यांना काही होणारही नव्हतं. १९६९चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम तेव्हा लागू होते. त्यात तीनच रोग उरले होते: कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर. यातला एखादा आढळला की देशाने २४ तासांत कळवायचं. बदल्यात इतर देशांनी नियमांत लिहिलेल्या उपायांपलीकडे जायचं नाही. कागदावर सौदा चोख होता. तू सांग, आम्ही जास्तीचा त्रास देणार नाही. पण सौद्याचा पहिला भाग मोडला तर जगभर बोंब होई आणि दुसरा मोडला तर काहीच नाही.

या नियमांचं मूळ शोधत गेलं तर आपण पुन्हा मुंबईत येऊन पोचतो. १८९७ साली व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली ती मुंबईतल्या प्लेगमुळे. युरोपला धास्ती होती की हा रोग हाजच्या यात्रेकरूंमार्फत आणि जहाजांमार्फत आपल्याकडे येईल. त्याच वर्षी मुंबईहून हाजला जाणारी जहाजं थांबवली गेली, त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात रँडच्या कारभाराचं पुढे काय झालं ते शाळेतल्या पुस्तकात आहे. पूर्वेकडे रोग, पश्चिमेकडे पहारा, हा तेव्हाचा आराखडा. शंभर वर्षांनी जहाजाच्या जागी विमान आलं होतं, एवढाच फरक.

बिल

भारताचं नुकसान किती झालं याचे अंदाज बदलतात. निर्यात, पर्यटन, विमानवाहतूक धरून सुमारे दोन अब्ज डॉलरपर्यंतचा आकडा सांगितला जातो. पर्यटनाचा हंगाम नुकता सुरू होत होता, आरक्षणं रद्द झाली. आखातात नोकरीला असलेल्यांचं जाणं-येणं अडकलं; रत्नागिरी-रायगडच्या किती घरांचा महिना त्या विमानांवर चालतो हे कोकणात सांगायला नको. अन्नधान्यापासून कापडापर्यंत माल अडला, आणि प्लेग कापडाच्या गठ्ठ्यातून फुफ्फुसात जात नाही हे समजावायला कुणाला वेळ नव्हता.

पन्नास-पंचावन्न मृत्यू आणि दोन अब्ज डॉलर. तीन वर्षं आधी, १९९१मध्ये, पेरूत कॉलरा आला तेव्हाही हेच घडलं होतं. त्या देशाने साथ कळवली आणि त्याचं सुमारे ७७ कोटी डॉलरचं नुकसान झालं, बरंचसं मासळीची निर्यात आणि पर्यटन बुडाल्याने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. कळवणारा भरतो, लपवणारा कमावतो. कुठल्याही देशाच्या आरोग्यमंत्र्याने १९९५ साली शांत डोक्याने हिशेब केला असता तर पुढच्या वेळी शक्य तितके दिवस गप्प बसायचं, हेच उत्तर आलं असतं.

हा हिशेब जिनिव्हालाही दिसत होता. मे १९९५मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियम नव्याने लिहायचा ठराव केला. पेरू आणि भारत ही त्यामागची दोन ताजी कारणं होती. काम मात्र रेंगाळलं. मधल्या काळात २००३ साली सार्स हा श्वसनाचा नवा रोग जगासमोर आला. चीनने सुरुवातीला माहिती दाबून ठेवली आणि त्याची किंमत जगाने मोजली. मग घाई झाली. २३ मे २००५ला नवे नियम मंजूर झाले, १५ जून २००७ पासून लागू झाले.

नव्या नियमांत रोगांच्या यादीवरचा भर गेला. जगाला धोका ठरेल अशी कोणतीही आरोग्यघटना कळवायची. प्रत्येक देशात एक नेमून दिलेलं केंद्र, चोवीस तास उपलब्ध. सरकारच गप्प बसलं तर इतर मार्गांनी आलेल्या माहितीवरून विचारणा करायचा अधिकार संघटनेला मिळाला. आणि संघटनेच्या शिफारशीपलीकडे जाऊन कुणी देशाने प्रवास-व्यापार लक्षणीय रोखला, तर ४८ तासांत त्याने त्याची आरोग्यविषयक कारणं द्यायची. १९९४ साली हे कलम असतं तर आखाती देशांना निदान कागदावर लिहावं लागलं असतं की कापडाच्या गाठींची भीती नेमकी कशाची.

दुसऱ्यांदा प्लेग

या प्रकरणाला एक जोडप्रकरण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. फेब्रुवारी २००२मध्ये हिमाचल प्रदेशातल्या सिमला जिल्ह्यात हाटकोटी परिसरात फुफ्फुसाचा प्लेग झाला. एकूण १६ रुग्ण, ४ मृत्यू. तोच रोग, तोच देश, सुरतेतला होता तोच भयंकर प्रकार. पण ना पळापळ, ना विमानबंदी.

खेडं लहान, डोंगराळ, हिवाळ्याचे दिवस, हे खरंच. पण मोठा फरक वेगळा होता. या वेळी रुग्णांचे नमुने लवकर घेतले गेले, चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात आणि दिल्लीच्या त्याच राष्ट्रीय संस्थेत जंतू ओळखला गेला, संपर्कातल्या लोकांना शोधून औषध दिलं गेलं. ‘हा प्लेग आहे, इतक्यांना झाला आहे, इतक्यांना औषध दिलं आहे’ असं एका आवाजात सांगता आलं. बाहेरच्या संस्थांना घाबरायला फट मिळाली नाही. १९९४ नंतर सुरतेत आयुक्त एस. आर. राव यांनी केलेल्या सफाईची कथा सगळेच सांगतात, आणि ती चांगलीच आहे. दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेला पुन्हा प्लेगचा जंतू ओळखता यायला लागला, ही कथा कुणी सांगत नाही. जगाच्या प्रतिसादाच्या दृष्टीने तिचं वजन जास्त आहे.

अर्थात नेमकं निदान वेळेवर कळवलं की जग शहाण्यासारखं वागतं, असंही नाही. २४ नोव्हेंबर २०२१ला दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. त्या देशाची जनुकीय तपासणीची यंत्रणा जगातल्या उत्तम यंत्रणांपैकी एक, निदान नेमकं, कळवणं तत्पर. दोन दिवसांत त्या प्रकाराला ओमिक्रॉन नाव मिळालं आणि तेवढ्याच वेळात ब्रिटन, अमेरिका, युरोपीय देश यांनी दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजारी देशांतून येणाऱ्यांना दारं बंद केली किंवा करत असल्याचं जाहीर केलं. तोवर ओमिक्रॉन युरोपात पोचलेला होता, हे पुढच्या काही दिवसांत उघड झालं. ४८ तासांत कारणं देण्याचं कलम तेव्हा लागू होतं. ते मोडणाऱ्याला किंवा गोलमोल कारणं देणाऱ्याला करायची शिक्षा मात्र नियमांत नाही, आणि कळवणाऱ्या देशाचं व्यापारी नुकसान भरून देणारी तरतूदही नाही. २०२४ साली नियमांत पुन्हा दुरुस्त्या झाल्या, त्या दोन जागा तशाच राहिल्या.